पोलादाचे ऋण आणि धुराचा हिशेब : प्रस्तावना

तापीच्या काठी वसलेल्या आणि मागावरचे कापड व मळ्यातली केळी यांवर ज्याची उपजीविका चालते अशा बऱ्हाणपुरातून, लोखंड-पोलादाच्या कारखान्यांनी होणाऱ्या वायुप्रदूषणावरील पुस्तक प्रसिद्ध व्हावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. आमच्या जिल्ह्यात झोतभट्टी नाही, आणि येथील हवेविषयीच्या तक्रारी रस्त्यांची धूळ, वाहनांचा धूर आणि यंत्रमागांवर उडणारे सुताचे तंतू यांच्यापलीकडे सहसा जात नाहीत. परंतु भुसावळहून खंडव्याकडे जाणारा लोहमार्ग, ज्यावर शहराचे सूत विणले जाते ते माग, केळीच्या बागेला पाणी देणारे पंप आणि घरोघरच्या छतांत पुरलेल्या सळया यांचा विचार केला, म्हणजे ध्यानी येते की आपला सगळा संसार लोखंडावर उभा आहे. आणि त्या प्रत्येक वस्तूमागे कोठेतरी एक भट्टी असून त्या भट्टीच्या वाऱ्याखाली कोठेतरी एक वस्ती आहे. ज्याने माल वापरला त्याने त्या मालासाठी दुसऱ्याने घेतलेल्या श्वासाचाही हिशेब ठेवला पाहिजे, हे या पुस्तकामागील पहिले आणि साधे कारण होय.

दुसरे कारण इतिहासाचे आहे, आणि ते आमच्या निमाड प्रांताशी निगडित आहे. नर्मदेच्या उत्तर तीरावर, ओंकारेश्वराच्या आसमंतात, आज खरगोन जिल्ह्यात मोडणाऱ्या बडवाह गावी, इंग्रज अंमलदार कीटिंग यांच्या पुढाकाराने १८६० च्या सुमारास सरकारी खर्चाने लोखंडाचा कारखाना उभारण्याची तजवीज झाली. लोणारी कोळशावर उत्तम लोखंड गाळण्याची विद्या त्या काळी स्वीडनमध्ये विशेष वाढलेली असल्यामुळे नील्स मितांदर नावाच्या स्वीडिश तज्ज्ञास येथवर पाचारण करण्यात आले. इमारती उठल्या, भट्टी बांधली गेली, यंत्रे आली. आणि नियमित उत्पादनास आरंभ होण्यापूर्वीच, १८६४ मध्ये, सरकारने हात आखडता घेऊन काम थांबविले. ती भट्टी चालली असती तर निमाडच्या अरण्यांची काय गत झाली असती, हा प्रश्न आज मनात आल्यावाचून राहत नाही. कारण लोणारी कोळशावर चालणारी झोतभट्टी दगडी कोळशातील गंधकापासून मुक्त असली, तरी तिचा आहार म्हणजे सभोवतालचे रान असते. लोखंडासाठी निसर्गाला काही ना काही मोजावे लागते, हे बडवाहच्या त्या अपुऱ्या राहिलेल्या प्रयोगाच्या वेळीही खरे होते. बदलले ते इतकेच की त्या काळी मोजणी झाडांत झाली असती आणि आज ती हवेत होते.

मराठी मुलखाचा आणि आधुनिक पोलादाचा संबंधही याच काळापासून जुळत आला आहे. चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या संभाव्यतेविषयी रिटर फॉन श्वार्त्स या जर्मन भूवैज्ञानिकाने लिहिलेला अहवाल १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या वाचनात आला, आणि नागपुरात एम्प्रेस मिल चालविणाऱ्या त्या उद्योजकाच्या मनात पोलादाच्या कारखान्याची कल्पना रुजली. पुढे त्यांचे चिरंजीव दोराबजी प्रत्यक्ष शोधासाठी चांद्यास आले, तेव्हा लोहाऱ्याचे खनिज उत्तम पण मोजके, आणि वरोऱ्याचा कोळसा कोक करण्यास निरुपयोगी, असे आढळून ती योजना मागे पडली; परंतु नागपूरच्या संग्रहालयातील भूस्तरीय नकाशात त्यांना दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाची खूण सापडली. अखेर कारखाना झाला तो फार दूर, साकची येथे, आणि तेथे १९१२ मध्ये पोलादाचा पहिला ठोकळा निघाला. मात्र तत्कालीन दुर्ग जिल्ह्यातील दल्ली-राजहऱ्याच्या त्याच खनिजावर पुढे भिलाईचा कारखाना उभा राहिला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा भिलाई आणि बऱ्हाणपूर एकाच मध्यप्रदेश राज्यातील गावे होती. विदर्भातून कितीतरी मराठी कुटुंबे भिलाईस जाऊन स्थायिक झाली. आज गडचिरोलीतील सूरजागडच्या डोंगराचे खनिज खाली उतरते आहे, चंद्रपूरजवळ घुग्घूस येथे स्पंज लोखंड तयार होते, रायगड जिल्ह्यातील डोलवी येथे समुद्रकाठी अवाढव्य कारखाना आहे, आणि बऱ्हाणपुराच्या दक्षिणेस, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, जालन्यात भंगार वितळवून सळया ओढणाऱ्या भट्ट्यांची एक नगरीच वसली आहे. तेव्हा हा विषय मराठी वाचकाला परका नाही. त्याविषयी मराठीत सविस्तर लेखन मात्र अल्प आहे.

विषयात शिरण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्याच्याच आधारे उभे आहे. निसर्गात लोखंड प्राणवायूशी जखडलेल्या अवस्थेत सापडते. तो प्राणवायू हिरावून घेण्यासाठी भट्टीत कोळशातील कर्ब योजतात, आणि कर्ब व प्राणवायू यांच्या संयोगातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे उत्सर्जन त्या रीतीच्या मुळातच आहे. कारखाना कितीही नीटनेटका चालविला तरी जोवर कोळशाने लोखंड काढावयाचे तोवर ते टळत नाही. याच्या उलट, चिमणीतून बाहेर पडणारी धूळ, काजळी, गंधकाचे व नत्राचे वायू, कोकभट्टीच्या फटीतून झिरपणारे बेंझिन आणि डांबरी बाष्प ही लोखंड होण्यासाठी मुळीच आवश्यक नाहीत. ती हयगयीची, काटकसरीची किंवा जुनाट यंत्रांची संतती आहेत. पहिल्या प्रकारच्या उत्सर्जनाने पृथ्वीचे तापमान वाढते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. दुसऱ्याने शेजारच्या गावातील मुलाचा श्वास कोंडतो आणि ते वाळत घातलेल्या धुण्यावरही उमटते. पहिल्यासाठी रीत बदलावी लागेल व त्यास काळ लागेल. दुसऱ्यासाठी आजच, आहेत त्या साधनांनी, इलाज करता येतो. या दोहोंची गल्लत झाली की कारखानदारास सोयीस्कर सबब मिळते: जे स्वभावतः अटळ आहे त्याच्या आडोशाने जे सहज टळण्याजोगे आहे तेही खपून जाते.

झोतभट्टीच्या मोठ्या कारखान्यात धूर एकाच ठिकाणी जन्मत नाही. दगडी कोळसा बंद भट्टीत भाजून त्याचा कोक करताना, भट्टीची दारे व झाकणे नीट बसली नसतील तर कर्करोगास कारण होणारे वायू गळतात, आणि त्यांचा पहिला घास भट्टीवर उभा असलेला कामगारच ठरतो. लालबुंद कोकवर पाण्याचा मारा केला की वाफेबरोबर भुकटी उसळते. बारीक खनिजाचे गोळे करणारा सिंटर विभाग हा धूळ, गंधकवायू आणि डायॉक्सिनसारखी विषे यांचा मोठा उगम आहे. झोतभट्टीतून, एक टन लोखंडामागे सुमारे दीड हजार घनमीटर, कार्बन मोनॉक्साइडयुक्त वायू निघतो. तो विषारी खरा, परंतु जाळण्याजोगाही असतो. त्यानंतर पातळ बिडातील कर्ब प्राणवायूच्या झोताने जाळून त्याचे पोलाद करतात, त्या वेळी लोहभस्माचा तांबूस लोट उठतो.

आपल्या देशात याहून निराळी अशी एक वाट फार रुळली आहे, आणि मराठी मुलखातील अनुभव मुख्यतः तिचाच आहे. स्पंज लोखंडाच्या, म्हणजे खनिज न वितळविता काढलेल्या सच्छिद्र लोखंडाच्या, उत्पादनात भारत जगात अग्रेसर असून त्यातील बहुतांश उत्पादन साध्या दगडी कोळशावर, लांबलचक फिरत्या भट्ट्यांत होते. भट्टीतून निघणारा धुळीने भरलेला तप्त वायू विद्युत् अवक्षेपक यंत्रातून नेला तर धुळीचा बहुतेक भाग तेथेच अडतो. मात्र ते यंत्र वीज खाते, आणि ती वाचविण्यासाठी रात्री ते बंद ठेवले जाते, किंवा आपत्प्रसंगासाठी ठेवलेले झाकण उघडून वायू परस्पर आकाशात सोडला जातो, अशी तक्रार अशा कारखान्यांच्या शेजारची गावे वारंवार करीत आली आहेत. पुढे हे स्पंज लोखंड आणि भंगार प्रवर्तन भट्टीत एकत्र वितळवितात. भंगारावरचा रंग, तेल आणि जस्ताचा मुलामा जळून जो धूर उठतो तो नेमका भट्टी भरण्याच्या क्षणी, तोंड उघडे असताना, छपराच्या फटींतून बाहेर पडतो, आणि चिमणीवर बसविलेल्या मापकात त्याची नोंदच होत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाने २०१९ मध्ये, हवेच्या विहित मानकांत न बसणाऱ्या शहरांची जी यादी केली तीत जालना व चंद्रपूर ही दोन्ही नावे आहेत. चंद्रपूरच्या हवेत वीजकेंद्र, कोळशाच्या खाणी व सिमेंट यांचाही वाटा आहे, तो सगळा लोखंडाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु अनेकांनी मिळून केलेल्या प्रदूषणात प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे, हेही न्यायाचे नाही.

धुराने माणसे मरतात ही गोष्ट आज कोणी नाकारीत नसले, तरी ती सिद्ध होण्यास जगाला मोठी किंमत मोजावी लागली. डिसेंबर १९३० मध्ये बेल्जियममधील म्यूझ नदीच्या खोऱ्यात पोलाद, जस्त व इतर कारखान्यांचा धूर धुक्याखाली कोंडून साठांहून अधिक माणसे काही दिवसांत दगावली. ऑक्टोबर १९४८ मध्ये अमेरिकेतील डोनोरा या पोलाद व जस्ताच्या गावी तसेच घडून वीस बळी गेले आणि हजारो लोक आजारी पडले. याहून बोलका पुरावा मात्र कोणत्याही अपघाताविना मिळाला. अमेरिकेतीलच यूटा खोऱ्यात, कामगार-मालक तंट्यामुळे, १९८६ च्या ऑगस्टपासून सुमारे वर्षभर पोलादाचा कारखाना बंद राहिला. आर्डेन पोप या संशोधकाने रुग्णालयांची दप्तरे तपासली, तेव्हा कारखाना चालू असतानाच्या हिवाळ्यांत दमा व श्वासनलिकादाहासाठी दाखल होणाऱ्या मुलांची संख्या, कारखाना बंद असलेल्या हिवाळ्याच्या मानाने दुपटी-तिपटीने अधिक असल्याचे दिसून आले. मुले तीच, खोरे तेच, थंडीही तीच. हवेतला धूर तेवढा उणा झाला होता. यंत्रमागांच्या शहरात राहणाऱ्या वाचकास हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. वर्षानुवर्षे सुताची धूळ श्वासावाटे घेणाऱ्या विणकराचा खोकला त्याने शेजारच्या घरातून ऐकलेला असतो.

उपायांकडे वळताना त्यांचीही दोन वर्गांत विभागणी करणे उपयुक्त ठरेल. पहिला वर्ग स्वतःचा खर्च स्वतःच भागविणाऱ्या उपायांचा. तप्त कोक पाण्याऐवजी नायट्रोजनच्या प्रवाहाने कोरडाच थंड केला तर भुकटी उडत नाही आणि त्या उष्णतेतून वाफ व वीज मिळते. आपल्या देशात विशाखापट्टणमच्या कारखान्यात ही योजना आरंभापासूनच आहे. झोतभट्टीच्या वायूचा दाब चक्रावर घेऊन वीज करता येते, आणि तोच वायू इंधन म्हणून पुन्हा जाळता येतो. कोकच्या काही भागाऐवजी कोळशाची भुकटी फुंकली तर तेवढी कोकभट्टीची गरजच कमी होते. धातुमळीचे दाणे करून ते सिमेंटमध्ये घातले तर तितकी चुनखडी भाजावी लागत नाही. स्पंज लोखंडाच्या भट्टीतून वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीजनिर्मिती होऊ शकते, आणि सळयांच्या कारखान्यात ओतलेला ठोकळा थंड होऊ न देता गरम असतानाच लाटणीस दिला तर तो पुन्हा तापविणारी भट्टीच अनावश्यक होते. धूर म्हणजे बव्हंशी वाया गेलेला माल आहे, ही गोष्ट ज्या कारखानदाराच्या ध्यानी आली त्याला या वर्गातील उपाय सांगण्यास सरकारी हुकूम लागत नाही; भांडवल आणि थोडी दूरदृष्टी पुरते.

दुसऱ्या वर्गातील उपायांतून मात्र दमडीही परत येत नाही. भट्टीच्या तोंडावर फिरते छत्र बसवून धूर तेथल्या तेथे ओढून घेणे, कापडी पिशव्यांच्या गाळणीतून तो नेणे, फाटलेल्या पिशव्या वेळच्या वेळी बदलणे, अवक्षेपक यंत्र अहोरात्र चालू ठेवणे, कोकभट्टीच्या दारांची नित्य निगा राखणे, खनिजाचे ढीग झाकणे, रस्ते ओले ठेवणे, खनिजाची वाहतूक आच्छादित करणे, ही सर्व कामे निव्वळ खर्चाची आहेत. जमाखर्चाच्या वहीत त्यांची बाजू सदैव नावेच राहते. त्यांचा लाभ ज्याला होतो तो शेजारचा गावकरी त्या वहीत कोठेच नसतो. म्हणून या उपायांची अंमलबजावणी कारखानदाराच्या सद्बुद्धीवर सोपविता येत नाही. त्यांच्यासाठी कायदा हवा, आणि कायद्यामागे डोळस समाज हवा. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयाचे मर्म येथे आहे. आपल्याकडे उणीव तंत्रज्ञानाची नाही. बसविलेले यंत्र रोज, रात्रीसुद्धा, चालू आहे किंवा नाही हे पाहण्याच्या व्यवस्थेची आहे.

कायद्याचा सांगाडा तसा पुरेसा भक्कम आहे. वायुप्रदूषणाचा कायदा १९८१ सालचा असून त्यान्वये लोखंड-पोलादाच्या प्रत्येक कारखान्यास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र घ्यावे लागते, आणि कोणते यंत्र बसवावयाचे व चिमणीतून किती धूळ जाऊ द्यावयाची, याच्या अटी त्या पत्रात असतात. देशातील हवेची मानके २००९ मध्ये सुधारण्यात आली. त्यानुसार अडीच मायक्रॉनखालील सूक्ष्म धुलिकणांचे वार्षिक प्रमाण घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा ५ वर आणली आहे. लोखंड-पोलादासह सतरा प्रकारच्या उद्योगांनी चिमणीवर अखंड नोंद घेणारी यंत्रे बसवावीत असा आदेश २०१४ पासून आहे. नव्या मोठ्या कारखान्यापूर्वी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी व्हावी लागते, आणि तिच्यासाठी प्रकल्पाच्या परिणामांचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो. परंतु तो सारांश हाती घेणाऱ्या शेतकऱ्याला सिंटर म्हणजे काय आणि अवक्षेपक म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, तर सुनावणी ही केवळ हजेरीची बाब ठरते. ती उणीव थोडीतरी भरून निघावी, हा या लेखनाचा मुख्य उद्देश आहे.

आता त्या पहिल्या, न दिसणाऱ्या उत्सर्जनाविषयी. जगातील एकूण कार्बन उत्सर्जनापैकी सात ते नऊ टक्के एकट्या लोखंड-पोलादाचे आहे. एक टन पोलादामागे जगाची सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडची, तर भारताची सुमारे अडीच टनांची आहे. आणि पोलादाच्या उत्पादनात जगात दुसरा असलेला आपला देश राष्ट्रीय पोलाद धोरणाप्रमाणे २०३०-३१ पर्यंत आपली क्षमता तीस कोटी टनांवर नेऊ पाहत आहे. ज्या देशात अजून कित्येक खेड्यांना पूल नाहीत व घरांना पक्की छते नाहीत, त्याने पोलाद करू नये असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. तथापि हे सर्व पोलाद जुन्याच रीतीने करण्याचा हट्ट पुढील पिढ्यांविषयी तितकाच निर्दय ठरेल. भंगाराचा साठा वाढवून त्याचा पुनर्वापर करणे, कोळशाऐवजी नैसर्गिक वायूने लोखंड काढणे, आणि अखेरीस हायड्रोजनने खनिजातील प्राणवायू हिरावून घेऊन कार्बन डायऑक्साइडऐवजी पाण्याची वाफ बाहेर सोडणे, असा हा क्रम आहे. ज्या स्वीडनमधून मितांदर निमाडात आले होते त्याच देशात, लुलेओ येथे, हायड्रोजनच्या रीतीने काढलेल्या लोखंडाचे पोलाद २०२१ मध्ये प्रत्यक्ष ग्राहकाच्या हाती पडले. ही रीत आज महाग आहे, आणि हायड्रोजन स्वच्छ विजेने केला तरच तिला अर्थ आहे. आपल्या सरकारने २०२३ मध्ये हाती घेतलेल्या हरित हायड्रोजन अभियानात पोलादासाठीच्या प्रयोगांचाही समावेश आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

यात सामान्य माणसाने करण्याजोगे काय आहे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने हरित पोलादाची व्याख्या ठरवून दिली: एका टनामागे २.२ टनांहून कमी कार्बन उत्सर्जन असेल तर ते पोलाद हरित, आणि उत्सर्जन जितके कमी तितके अधिक तारे, कमाल पाच. देशातील पोलादाचा फार मोठा गिऱ्हाईक म्हणजे रेल्वे, सार्वजनिक बांधकाम खाते आणि नगरपालिका, अर्थात आपल्याच करांचा पैसा आहे. शाळेच्या, पुलाच्या, पाण्याच्या टाकीच्या निविदेत हरित पोलादाची अट घालावी अशी मागणी नगरसेवकाकडे व आमदाराकडे करणे कोणासही शक्य आहे. बऱ्हाणपुरास ही मागणी करण्याचा विशेष अधिकार आहे असे मला वाटते. कारण याच शहरात १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानानच्या सुभेदारीत, सातपुड्याकडून झिरपणारे निर्मळ पाणी भूमिगत बोगद्यांनी वस्तीपर्यंत आणणारा कुंडी भंडारा बांधला गेला, आणि शुद्ध पाणी ही राज्यकर्त्याची जबाबदारी आहे हे तत्त्व येथे दगडाविटांत सिद्ध झाले. शुद्ध हवेविषयी हीच जबाबदारी मान्य करून घेण्याचे काम आपल्या पिढीवर आले आहे.

पुढील प्रकरणांत या सर्व गोष्टींचा क्रमवार विस्तार आहे. जे कारखान्यात काम करतात त्यांनी कोकभट्टी व प्रवर्तन भट्टी यांवरील भाग प्रथम वाचावा, कारण धुराचे पहिले धनी तेच होत. जे कारखान्याच्या वाऱ्याखाली राहतात त्यांनी संमतिपत्रावरील प्रकरण वाचून आपल्या शेजारच्या कारखान्याचे पत्र माहितीच्या अधिकारात मागून घ्यावे, आणि धूर दिसल्याची तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा यांची एक वही गावात ठेवावी. तोंडी तक्रारीपेक्षा अशा वहीचे वजन दप्तरात कितीतरी अधिक असते. कारखानदारांनी हे पुस्तक विरोधकाचे समजू नये. लोखंडावाचून आपले एक पाऊलही पुढे पडत नाही, हे त्याच्या प्रत्येक पानावर गृहीत धरले आहे. आणि जे माझ्याप्रमाणे केवळ गिऱ्हाईक आहेत त्यांनी पुढच्या खेपेस सळया घेताना भाव विचारावा, त्याचबरोबर त्या कोठल्या भट्टीतून आल्या आणि तेथील धुराचा बंदोबस्त काय आहे, हेही विचारावे. हा प्रश्न दुकानदाराला पुरेशा गिऱ्हाइकांनी विचारला, तर तो भट्टीपर्यंत पोहोचल्यावाचून राहणार नाही.